औषधाने अपाय झाला तर

वाचकहो, आजकाल औषधाशिवाय कोणाचेच घर चालत नाही. म्हाताऱ्या माणसाला रक्तदाबाची गोळी लागते, पोराला तापाचे औषध लागते, बाळंतिणीला लोहाच्या गोळ्या लागतात. औषधांनी माणसांचे फार भले केले आहे. एके काळी क्षय झाला म्हणजे घरचे लोक आशा सोडून देत. आज नेमाने आणि पूर्ण मुदतीपर्यंत गोळ्या घेतल्या तर तोच क्षय बरा होतो. हे आम्ही आधीच सांगून ठेवतो. हा धडा वाचून कोणी औषधाला भिऊ नये.

पण औषध म्हणजे साखरफुटाणे नव्हेत. जे औषध शरीरात शिरून रोगाशी झुंजते, ते कधी कधी शरीरालाही इजा करते. या इजेला ‘दुष्परिणाम’ म्हणतात. बहुतेक वेळा तो किरकोळ असतो. मळमळते, झापड येते, अंगावर पुरळ उठते आणि जाते. क्वचित मात्र तो भारी पडतो. माणूस आंधळा होतो, बहिरा होतो, त्याची मूत्रपिंडे निकामी होतात, कधी जीवही जातो.

असे झाले की आपल्याकडे दोन प्रकार दिसतात. कोणी कपाळाला हात लावून म्हणतो, “आमचं नशीबच फुटकं!” कोणी चार गडी गोळा करून दवाखान्यावर चालून जातो आणि काचा फोडतो. दोन्ही वाटा चुकीच्या आहेत. नशिबाला बोल लावून घरातल्या पंगू माणसाचे औषधपाणी होत नाही. काचा फोडून भरपाई तर मिळत नाहीच, उलट महाराष्ट्रात २०१० सालच्या कायद्याप्रमाणे खटला आपल्याच अंगावर येतो.

तिसरी वाट कायद्याची आहे. ती लांबची आहे, पण सरळ आहे. त्या वाटेने जाणाऱ्याने दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्या. पहिली ही की नुकसानभरपाई म्हणजे भीक नव्हे, तो हक्क आहे. दुसरी ही की हा हक्क कागदावर उभा राहतो. ज्याने कागद वाचला, जपला आणि न वाचता सही केली नाही, त्याचा हक्क टिकला. हे कसे, ते एका घडलेल्या गोष्टीवरून पाहू. गोष्ट परदेशातली आहे, पण तिच्यातले आईबाप आपल्यासारखेच होते.

एका गोळीची गोष्ट

पश्चिम जर्मनीतील एका औषध कंपनीने १९५७ साली झोपेची एक नवी गोळी बाजारात आणली. औषधाचे नाव थॅलिडोमाइड. गोळी अगदी निर्धोक आहे, असे कंपनी सांगे. जर्मनीत ती सुरुवातीला डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवायही मिळे. १९५८ साली ती ब्रिटनमध्ये आली. तेथे ती डिस्टिलर्स नावाची कंपनी विकू लागली. या कंपनीचा मूळ धंदा व्हिस्की गाळण्याचा. डॉक्टर ही गोळी झोप न येणाऱ्यांना आणि मुख्यतः गरोदर बायकांना लिहून देत. गरोदरपणी उलट्या होतात, जीव घाबरा होतो, त्यावर ही गोळी गुणकारी वाटे.

थोड्याच दिवसांत अघटित घडू लागले. काही मुले हातांवाचून जन्माला आली. कोणाचे पंजे थेट खांद्याला जोडलेले, कोणाला पाय नाहीत, कोणाला कान नाहीत. कित्येक मुले जन्मतःच दगावली. आयांना वाटे, आपलेच काही चुकले. शेजारीपाजारीही तसेच बोलत.

हॅम्बुर्गचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विडुकिंड लेन्झ यांनी अशा आयांना गाठून एकेकीला विचारले, “गरोदरपणी तुम्ही काय काय घेतले होते?” पुन्हा पुन्हा एकाच गोळीचे नाव निघू लागले. नोव्हेंबर १९६१ मध्ये त्यांनी कंपनीला आणि इतर डॉक्टरांना हा संशय सांगितला. ऑस्ट्रेलियातल्या एका डॉक्टरांनाही स्वतंत्रपणे हाच संशय आला होता. त्याच महिन्याच्या अखेरीस जर्मनीत गोळी मागे घेतली गेली आणि डिसेंबरच्या आरंभी ब्रिटनमध्ये. या गोळीमुळे जगभरात अशी दहा हजारांहून अधिक मुले जन्मली.

अमेरिकेत मात्र त्या काळी ही गोळी सरकारी परवान्याने विकली गेली नाही. तेथील औषध खात्यात डॉ. फ्रान्सिस केल्सी नावाच्या बाई होत्या. परवान्याचा अर्ज त्यांच्या मेजावर आला. कंपनीने घाई लावली, पण बाई म्हणाल्या, दिलेला पुरावा अपुरा आहे, अधिक आणा. त्यांनी कागद नीट वाचला आणि न पटलेल्या कागदावर सही केली नाही. एवढ्याने त्या देशातली असंख्य मुले वाचली.

दावा कशाचा

ब्रिटनमध्ये अशी सुमारे साडेचारशे मुले होती. ज्या पोराला हात नाहीत त्याला कोण जेवू घालणार? आईबाप मेल्यावर त्याचे कोण करणार? पहिला दावा १९६२ साली लागला. १९६६ पर्यंत सत्तर मुलांच्या वतीने दावे झाले.

आता कोणी म्हणेल, “गोळीनं पोर अधू झालं हे तर उघड आहे. मग दाव्यात सिद्ध करायचं काय?” येथेच खरी अडचण होती. त्या वेळच्या इंग्रजी कायद्याप्रमाणे नुसता अपाय दाखवून भागत नसे. कंपनीने ‘हयगय’ केली, म्हणजे जी काळजी घ्यायला हवी होती ती घेतली नाही, हे दाखवावे लागे. कंपनीचे म्हणणे असे, की त्या काळच्या रीतीप्रमाणे आम्ही सर्व तपासण्या केल्या होत्या. शिवाय आणखी एक पेच होता. अपाय झाला तेव्हा मूल आईच्या पोटात होते. पोटातल्या मुलाला दावा करता येतो का, हेच त्या वेळी कायद्यात स्पष्ट नव्हते.

अशा अडचणीत १९६८ साली समेट झाला. दावा पुरा जिंकला असता तर जेवढी रक्कम मिळाली असती, तिच्या शंभरातले चाळीस कंपनीने द्यायचे आणि आईबापांनी हयगयीचा आरोप मागे घ्यायचा. बहुतेकांनी हे मान्य केले. त्यांना दोष देता येत नाही. घरात अधू मूल, हातात पैसा नाही आणि वकील सांगतात की हरलात तर काहीच मिळणार नाही.

दावा लावण्यालाही मुदत होती. ती पुष्कळांची उलटून गेली होती. त्यांना न्यायालयाची खास परवानगी काढून दावे लावावे लागले. १९७१ पर्यंत एकूण ३८९ दावे पडून होते. शिवाय आईने तीच गोळी घेतली होती याचा पुरावा काय, हा प्रश्न प्रत्येक दाव्यात येई. ज्यांचा पुरावा कमी पडला त्यांच्या नावांची वेगळी यादी झाली आणि त्यांना अधिक झगडावे लागले. वाचकहो, एक चिठ्ठी, एक रिकामी बाटली यांची किंमत तेव्हा कळते.

पाच जण ‘नाही’ म्हणाले

१९७१ साली कंपनीने उरलेल्या सर्व मुलांसाठी एक धर्मादाय निधी काढायचे ठरवले. पण अट घातली, की सगळ्या आईबापांनी रुकार दिला पाहिजे. एकानेही नकार दिला तर निधी नाही.

पाच पालकांनी नकार दिला. निधीतले पैसे प्रत्येकाची गरज पाहून वाटले जाणार होते. त्यातल्या निदान एकाची हरकत नेमकी यालाच होती. विचार करा, हे म्हणणे किती नेमके आहे! गरज पाहून देतात तो धर्म. नुकसान पाहून देतात ती भरपाई. गरज पाहायची तर देणाऱ्याच्या दारात उभे राहावे लागते. भरपाई मागताना मान खाली घालावी लागत नाही.

या पाच जणांवर केवढा भार आला असेल! बाकीचे लोक म्हणू लागले, तुमच्या हट्टापायी आमच्या पोरांचा घास जातो. प्रकरण न्यायालयात गेले. या पाच जणांना बाजूला सारून त्यांच्या मुलांच्या वतीने सरकारी वकिलासारखा एक अधिकारी नेमावा, अशी मागणी झाली. एप्रिल १९७२ मध्ये अपील न्यायालयाने ती फेटाळली. आईबापांचा ‘नाही’ म्हणण्याचा हक्क कायम राहिला.

पुढे कंपनीने अट सैल केली. बहुसंख्य पालकांचा रुकार पुरे, असे ठरले. सप्टेंबर १९७२ पर्यंत साडेबत्तीस लाख पौंडांचा निधी ठरत आला होता. तेवढ्यात ‘संडे टाइम्स’ या वर्तमानपत्राने २४ सप्टेंबरला या मुलांची हकीकत छापली आणि एवढ्याशा रकमेबद्दल कंपनीला जाहीर जाब विचारला. गोळीच्या तपासण्या कशा झाल्या यावर पुढचा लेख तयार होता. चालू दाव्यावर लिहिणे म्हणजे न्यायालयाचा अवमान, असे ठरवून न्यायालयाने तो लेख अडवला. पण तोवर देशभर बोभाटा झाला होता. पार्लमेंटात चर्चा झाली. लोक कंपनीची दारू घेईनात. खुद्द भागधारकांनी कंपनीला विचारले, हे काय चालवले आहे?

शेवटी रक्कम सुमारे दोन कोटी पौंडांवर गेली आणि ३० जुलै १९७३ रोजी न्यायालयाने समेटाला मान्यता दिली. पहिल्या दाव्यापासून अकरा वर्षे गेली होती. साडेबत्तीस लाखांचे दोन कोटी झाले, म्हणजे रक्कम सहापट झाली. त्या पैशातून उभा राहिलेला विश्वस्त निधी आजही त्या मुलांना मदत देतो. ती मुले आता साठी ओलांडलेली आहेत. वर्तमानपत्राचा तंटा युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला आणि १९७९ साली वर्तमानपत्राच्या बाजूने निकाल लागला.

जर्मनीतही खटला चालला. १९६८ ते १९७० अशी अडीच वर्षे तो चालून शिक्षेवाचून थांबला. कंपनीने दहा कोटी मार्क दिले, सरकारने आपली भर घातली आणि मुलांसाठी निधी झाला. पुढे १९७६ साली जर्मनीने नवा औषध कायदा केला. औषधाने मोठा अपाय झाला तर कंपनीची चूक सिद्ध न करताही भरपाई मागता येईल, अशी त्यात सोय केली. कंपनीच्या प्रमुखांनी मुलांची जाहीर क्षमा मागितली ती २०१२ साली, म्हणजे पन्नास वर्षांनी.

एक गोष्ट सांगायची राहिली. हे औषध आज पुन्हा वापरात आहे. कुष्ठरोगातल्या एका वेदनादायक विकारावर आणि हाडांच्या मगजाच्या एका कर्करोगावर ते देतात. मात्र गरोदर बाईला ते मुळीच द्यायचे नाही, अशी कडक ताकीद आहे. सांगायचे एवढेच, की दोष एकट्या औषधाचा नसतो. न तपासता विकणे, न सांगता देणे, हा दोष माणसांचा.

आपल्या देशातला एक खटला

आता घरी येऊ. अमेरिकेत राहणारे एक भारतीय डॉक्टर आणि त्यांची पत्नी १९९८ साली कोलकात्याला आले होते. बाईंच्या अंगावर पुरळ उठले. त्यांना एक स्टिरॉइडची सुई दिवसातून दोनदा, तीन दिवस घ्यायला सांगण्यात आले. हे औषध शरीरात फार दिवस टिकणारे. एक सुई दिली की दुसरी आठवड्या-दोन आठवड्यांनी द्यायची, अशी त्याची रीत. बाईंचे दुखणे विकोपाला गेले, अंगाची कातडी सोलून निघू लागली. त्यांना विमानाने मुंबईला आणले, पण २८ मे १९९८ रोजी त्या वारल्या.

पतीने भरपाईचा दावा केला. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००६ साली तो फेटाळला. पती सर्वोच्च न्यायालयात गेले. २००९ साली न्यायालयाने सांगितले, की हा फौजदारी गुन्हा ठरत नाही, पण उपचारात हयगय झाली आहे आणि भरपाई दिली पाहिजे. २०१३ साली न्यायालयाने सुमारे सहा कोटी रुपये आणि त्यावर व्याज देण्याचा हुकूम केला. बाईंची अमेरिकेतली कमाई धरून हा हिशेब झाला, म्हणून रक्कम एवढी मोठी. प्रत्येकाला एवढी मिळते असे कोणी समजू नये.

या खटल्यात दोन धडे आहेत. फौजदारी वेगळी आणि भरपाई वेगळी. डॉक्टर तुरुंगात गेला नाही म्हणजे आपला हक्क बुडाला, असे नाही. दुसरा धडा असा, की औषध किती आणि किती दिवसांनी द्यायचे, हे औषधाबरोबरच्या माहितीपत्रात लिहिलेले असते. ते बारीक अक्षर न्यायालयात फार मोठे होते.

दोष कोणाचा

आपल्याकडे नुसता अपाय झाला म्हणून आपोआप भरपाई मिळत नाही. दोष कोणाचा, हे आधी पाहतात.

औषध बरोबर होते, डॉक्टरांनी विचारपूस केली होती, धोका सांगितला होता आणि तरीही क्वचित होणारा त्रास झाला, तर बहुधा कोणीच दोषी ठरत नाही. हे कडू आहे, पण खरे आहे.

रोग्याला एखादे औषध सोसत नाही असे सांगूनही तेच दिले, मात्रा चुकली, किंवा आवश्यक तपासणी केली नाही, तर डॉक्टर किंवा रुग्णालय जबाबदार.

चिठ्ठीतले औषध सोडून दुसरेच दिले किंवा मुदत संपलेले विकले, तर दुकानदार जबाबदार.

औषध सदोष बनले, किंवा त्याचा धोका आणि वापरण्याची रीत नीट लिहिली नाही, तर कंपनी जबाबदार. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यात हे आता स्पष्ट लिहिले आहे. हा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. मात्र कंपनीलाही त्यात एक बचाव दिला आहे. जे औषध तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच द्यायचे, त्याच्या धोक्याची सूचना कंपनीने तज्ज्ञाला नीट दिली असेल, तर कंपनी म्हणू शकते, “आम्ही डॉक्टरांना सांगितले होते.” मग प्रश्न येतो, डॉक्टरांनी तुम्हाला सांगितले का? म्हणून डॉक्टर काय सांगतात ते लक्ष देऊन ऐका. न समजले तर पुन्हा विचारा. विचारण्यात लाज कसली?

आणि आपलाही दोष असू शकतो. शेजारणीची गोळी घेतली, जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हा औषध आणले, दोनऐवजी चार गोळ्या घेतल्या, तर दावा तिथेच लंगडा होतो.

काय करावे

१. आधी जीव, मग दावा. त्रास दिसताच डॉक्टरकडे जा. फेफऱ्याची, रक्तदाबाची, हृदयाची गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नका. त्यानेही जीवावर बेतते.

२. उरलेले औषध फेकू नका. पट्टी, बाटली, खोके, आतले माहितीपत्रक तसेच ठेवा. पट्टीवर बॅच नंबर असतो, बनवल्याची आणि मुदत संपण्याची तारीख असते. गोळी काढताना ही अक्षरे फाटू देऊ नका.

३. सगळे कागद एका पिशवीत घाला. डॉक्टरांची चिठ्ठी, दुकानाची पावती, तपासणीचे अहवाल, केसपेपर, घरी सोडतानाचे कार्ड. “गुरुजी, दुकानदार पावती देतच नाही,” असे पुष्कळजण सांगतात. मागितल्याशिवाय तो देणार नाही. मागा. मागणे हा हक्क आहे.

४. तारीखवार टिपण ठेवा. कोणत्या दिवशी कोणती गोळी घेतली, त्रास कधी सुरू झाला, कोणाला दाखवले, खर्च किती झाला, मजुरीचे किती दिवस बुडाले. वहीच्या एका पानावर हे मावते. तुम्ही लिहायला शिकलात ते अशाच वेळेसाठी.

५. त्रास सरकारला कळवा. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी एक देशव्यापी योजना आहे. तिचा मोफत फोन १८००-१८०-३०२४. कोणीही साधा माणूस कळवू शकतो. याने तुम्हाला पैसे मिळत नाहीत, पण पुढच्या माणसाचा जीव वाचू शकतो. डॉ. लेन्झ यांनी आयांना विचारले नसते, तर ती गोळी आणखी किती दिवस विकली गेली असती? औषध बनावट किंवा बिघडलेले वाटले तर अन्न व औषध प्रशासनाच्या औषध निरीक्षकाकडे तक्रार करा.

६. न वाचता सही करू नका, अंगठा उठवू नका. “एवढे पैसे घ्या आणि यावर सही करा,” असे कोणी म्हटले तर कागद घरी आणा. वाचा, दुसऱ्याकडून वाचून घ्या, वकिलाला दाखवा. देऊ केलेली रक्कम योग्य असेल तर अवश्य घ्या. प्रत्येक वेळी नकारच द्यावा, असे आमचे सांगणे नाही. पण सही केल्यावर विचार करून उपयोग नाही.

७. दुसऱ्या जाणत्या डॉक्टरांचे लेखी मत घ्या. अपाय या औषधानेच झाला, हे आपल्या तोंडच्या बोलण्याने ठरत नाही.

८. तक्रार वेळेत करा. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करण्याची मुदत दोन वर्षे आहे. उशिराला सबळ कारण असेल तर आयोग तो माफ करू शकतो, पण त्यावर विसंबू नका. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. औषधासाठी किंवा उपचारासाठी मोजलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील दिलाच पाहिजे अशी सक्ती नाही.

येथे एक भेद ध्यानात ठेवा. पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ठरवले. जेथे काहींकडून पैसे घेतात आणि गरिबांना फुकट तपासतात, तेथील गरिबांनाही हा हक्क आहे. जेथे सर्वांनाच सर्व उपचार मोफत मिळतात, त्या रुग्णालयाविरुद्ध मात्र ग्राहक आयोगात जाता येत नाही. तेथे दिवाणी न्यायालयाची वाट धरावी लागते.

९. पैसा नाही म्हणून थांबू नका. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या न्यायालयात विधी सेवा कार्यालय असते. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना तेथून मोफत वकील मिळतो. त्याचा फोन १५१००. ग्राहकांच्या तक्रारीसाठी सल्ला हवा असेल तर १९१५.

अर्जाचा नमुना

रुग्णालयातले कागद मागण्यासाठी असा अर्ज लिहावा. अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर पोचल्याची सही आणि तारीख घ्या. नियमाप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद मिळाले पाहिजेत. रुग्णालये कागद तीन वर्षे ठेवतात, म्हणून उशीर करू नये.

दिनांक : …
मा. वैद्यकीय अधीक्षक, … रुग्णालय, यांस

विषय : उपचाराच्या कागदांच्या नकला मिळण्याबाबत.

महोदय,
मी / माझे … (नाते) … (नाव) दिनांक … ते … या काळात आपल्या रुग्णालयात उपचार घेत होतो / होते. नोंदणी क्रमांक … आहे. केसपेपर, दिलेल्या औषधांची नोंद, तपासणीचे अहवाल आणि सोडतानाचे कार्ड यांच्या नकला मला मिळाव्यात. नकलांचा खर्च मी देईन.

आपला / आपली,
(सही, पूर्ण नाव, पत्ता)

हा अर्ज लिहिताना भांडणाचा सूर नको. चांगले डॉक्टर पुष्कळ आहेत आणि उद्याही आपल्याला त्यांच्याकडेच जायचे आहे. अर्ज सभ्य असावा, पण पक्का असावा.

विचार करा आणि सांगा

१. डॉ. केल्सी यांनी सही का केली नाही?
२. धर्म आणि भरपाई यांत फरक कोणता? पाच पालकांच्या गोष्टीवरून सांगा.
३. फौजदारी गुन्हा सिद्ध झाला नाही, तरी भरपाई मिळू शकते का?
४. औषध कोणत्या कारणाने बाधले तर दुकानदार जबाबदार? कोणत्या कारणाने कंपनी जबाबदार?
५. ग्राहक आयोगात तक्रार करण्याची मुदत किती?

करून पाहा

घरातली एक औषधाची पट्टी घ्या. तिच्यावरचे औषधाचे नाव, बॅच नंबर आणि मुदत संपण्याची तारीख शोधा. नाव इंग्रजीत असेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या. हे तीन तपशील आपल्या वहीत आपल्या हाताने लिहा. मग घरातले औषधाचे सगळे कागद एका पिशवीत घालून ती पिशवी खुंटीला अडकवा. तिची गरज कधी न पडो. पण पडलीच, तर ती रिकामी नसावी.